काडीला चेहरा नसतो

भेस्तानच्या घरी मी ॲनिमेशनसाठी पात्रं काढते. डोळे, भुवया, केस करता करता पात्र चालायचंच राहून जातं. मग दादासाहेब फाळके आठवतात. जन्म 1870, त्र्यंबकेश्वर. शिक्षण मुंबईच्या जे. जे.त, नंतर आमच्याच रेल्वेमार्गावरच्या बडोद्याच्या कलाभवनात. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला नि सिनेमाचं वेडच लागलं. भांडवलासाठी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपलं. पडद्यावर ते झरझर वाढलं! 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’, आणि 1915 मध्ये चक्क ‘आगकाड्यांची मौज’. काडी जराशी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. काडीला ना नाक, ना डोळे. जे काय ते हालचालीत. 1944 मध्ये नाशिकला ते वारले.

काल मी माझ्या पात्राचे डोळे पुसले. आधी चालू दे त्याला.