पगार सोडणारे कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

माधव नगरातल्या आपल्या बहुतेक घरांत रेव्हरंड टिळक माहीत असतात ते फुला-मुलांच्या कवितांमुळे, नाहीतर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. आमची सारी नोकरी बँकेत मुदत ठेवींच्या पावत्या करण्यात गेली. म्हणून आम्हाला त्यांच्या आयुष्याचा जमाखर्चच जास्त विचारात पाडतो.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८८० मध्ये त्यांचे लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. शिक्षकी, कीर्तने, मासिकाचे संपादन. एक काम धरायचे आणि दुसरे सोडायचे असा त्यांचा संसार होता. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचून त्यांचे मन पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी जात, नातलग, समाजातला मान, सारेच तुटले. लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या आणि स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुन्हा बस्तान बसले. शिकवणे, भजने रचणे, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन, आणि ठरलेला पगार. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहत. पण १९१७ मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

पृथ्वीवर धन साठवू नये, उद्याची चिंता करू नये, ही येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली शिकवण त्यांनी शब्दशः घेतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. आणि तुकोबांनीही कर्जखते इंद्रायणीत सोडल्याचे परंपरा सांगतेच.

आमचे बँकेतले मन इथे अडते. पगार सोडला टिळकांनी, पण चूल चालवायची होती लक्ष्मीबाईंना. त्यांना हे सोपे गेले असे आम्ही म्हणणार नाही. टिळकांची उदारता घराला किती महाग पडे, हे त्यांनीच हसत-रडत लिहून ठेवले आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे ६४ अध्याय रचले.

पेन्शन नको, ठेवी मोडा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आमचीही पासबुके कपाटात नीट लावलेली आहेत. पण व्याजाचा दर उतरला की आमची झोप उडते, आणि टिळकांची पगार सोडूनही उडाली नाही. आपण नेमके कशाच्या भरवशावर आहोत, हे मुलाबाळांसह एकदा बोलावे. ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर सुरुवात तिथूनच करावी.