डॉ. सलीम अली : पक्ष्यांच्या स्थलांतराचा नोंदकार

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर हिमालय ओलांडून असंख्य पाणपक्षी भारतात येतात. ते नेमके कोठून येतात आणि कोठे परततात, याचा शास्त्रशुद्ध शोध देशात मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याचे श्रेय डॉ. सलीम अली यांच्याकडे जाते.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे सचिव मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. चिमण्यांच्या एका घरट्याविषयी त्यांनी बालवयात लिहून ठेवलेली टिपणे अनेक दशकांनंतर प्रसिद्ध झाली.

जर्मनीत एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे अभ्यास करून ते १९३० मध्ये परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. नोकरी नसल्याने अलिबागजवळील किहीम येथे राहताना त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि पसंत पडलेल्या घरट्यात मादी संसार मांडते, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ मध्ये पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक प्रकाशित झाले.

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात क्यासनूर जंगल रोगाची साथ आढळली. हा विषाणू रशियातील अशाच एका विषाणूशी मिळताजुळता असल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींबाबत शंका उपस्थित झाली. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प सुरू झाला व त्याची धुरा सलीम अली यांनी सांभाळली. पक्षी जाळ्यात पकडून त्याच्या पायात क्रमांक असलेली धातूची कडी घालायची, जात, ठिकाण व तारीख नोंदवायची आणि त्याला सोडून द्यायचे, अशी ही पद्धत होती. तो पक्षी दूरच्या प्रदेशात सापडून कडीची माहिती कळवली गेली, की त्याच्या प्रवासाची दोन टोके जुळत. भरतपूर येथे कडी घातलेली बदके सोव्हिएत संघात सापडल्याच्या नोंदी अशाच मिळाल्या. अमेरिकी लष्कराशी संबंधित निधीमुळे पुढे या कामावर संशयही घेण्यात आला.

ज्या भरतपूरमध्ये १९३८ साली एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्ष्यांची शिकार झाली होती, तेथील पाणथळ जागा शेतीसाठी जाऊ नये यासाठी सलीम अली यांनी प्रयत्न केले. केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागेला १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

१९७६ मध्ये पद्मविभूषणने गौरवलेल्या सलीम अली यांचे २० जून १९८७ रोजी निधन झाले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा अखेरचा दिवस हा त्यांचा जन्मदिन आहे आणि तोच पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाचाही काळ आहे.