चित्रग्रीवाचे जनक धनगोपाल मुखर्जी

हितोपदेशातील चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा भारतीय बालवाचकांना अपरिचित नाही. याच नावाच्या एका कबुतराने १९२७ मध्ये अमेरिकी मुलांच्या मनात घर केले. ‘गे-नेक’ या इंग्रजी पुस्तकाच्या या नायकाचे जनक होते बंगालचे धनगोपाल मुखर्जी. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. भारतात जन्मलेल्या लेखकाला हा सन्मान प्रथमच लाभत होता.

धनगोपाल यांचा जन्म ६ जुलै १८९० रोजी कोलकात्याजवळील एका गावी, देवळाच्या पौरोहित्याची परंपरा असलेल्या कुटुंबात झाला. रामायण-महाभारताच्या कथा त्यांना आईच्या तोंडून मिळाल्या. ज्येष्ठ बंधू जदुगोपाल हे ‘युगांतर’ या क्रांतिकारी संघटनेचे नेते होते. धनगोपाल मात्र प्रथम जपानला आणि तेथून १९१० च्या सुमारास अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात शेतमजुरी करीत, भांडी घाशीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी संपादन केली. एथेल रे ड्युगन या अमेरिकी युवतीशी ते पुढे विवाहबद्ध झाले.

‘करी द एलिफंट’ (१९२२) या पुस्तकात एक हत्ती आणि त्याच्याबरोबर वाढणारा मुलगा यांची मैत्री आहे. ‘हरी, द जंगल लॅड’ (१९२४) मध्ये अरण्यात वाढणारा मुलगा भेटतो. किपलिंग यांच्या अरण्यकथा तोवर घरोघरी पोहोचल्या होत्या. परंतु मुखर्जींचे अरण्य वेगळे आहे. तेथे प्राणी माणसांसारखे राज्यकारभार करीत नाहीत. मुलाला त्यांच्या सवयी, त्यांचे भय धीराने जाणून घ्यावे लागते.

‘गे-नेक’ मध्ये ही जाण सर्वांत प्रगल्भ झाली आहे. कोलकात्यातील एक मुलगा घराच्या गच्चीवर कबुतराला उडायला शिकवतो. ससाण्यांशी झुंजत ते हिमालयापर्यंत जाते आणि पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्याबरोबर संदेशवाहक म्हणून फ्रान्सच्या रणभूमीवर पोहोचते. काही प्रकरणे तर कबुतर स्वतःच सांगते. परंतु पुस्तकाचे मर्म युद्धानंतरच्या भागात आहे. परतलेले कबुतर भयाने उडणेच विसरते. घोंड हा शिकारीही अंतर्यामी दुखावला जातो. हिमालयातील एका मठात लामांच्या सान्निध्यात दोघेही भयमुक्त होतात. भाषा काही ठिकाणी अलंकारांनी जड झाली असली, तरी युद्धाने मनावर केलेली जखम मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे त्या काळी क्वचितच आली असेल.

१९२७ हेच कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या भारतनिंदक पुस्तकाचेही वर्ष. मुखर्जींनी १९२८ मध्ये त्याला पुस्तकरूपानेच उत्तर दिले. तत्पूर्वी रामकृष्ण परमहंसांवरील त्यांचे ‘द फेस ऑफ सायलेन्स’ (१९२६) वाचूनच फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ रामकृष्णांकडे ओढले गेले होते.

सन्मान लाभला, तरी अमेरिकेत ते परकेच राहिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या निर्णयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले होते आणि ती बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. त्यांचे बंधू कारावास भोगत असताना आपण मात्र सुखरूप परदेशी आहोत, हे शल्यही ‘माय ब्रदर्स फेस’ (१९२४) या पुस्तकात जाणवते. अखेरच्या वर्षांत त्यांना नैराश्याने ग्रासले. १४ जुलै १९३६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी स्वतःची जीवनयात्रा संपवली. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते. जदुगोपाल यांनी सुटकेनंतर रांची येथे वैद्यकीय व्यवसाय केला. त्यांना स्वतंत्र भारत पाहता आला.