लोटसच्या गाडीत साध्या हेराल्डचे पार्ट का सापडतात? ही आहे कॉलिन चॅपमन यांची गोष्ट

साठ वर्षं जुनी लोटस इलान. पुढचं सस्पेन्शन खिळखिळं झालंय. आता पार्ट आणायचा कुठून?

जाणकार मालक थेट ट्रायम्फ हेराल्डचा पार्ट शोधतो. हेराल्ड म्हणजे इंग्लंडमधली साधी घरगुती गाडी. आपल्याकडे हीच गाडी मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने बनायची.

मग भारी स्पोर्ट्स कारमध्ये हिचा पार्ट कसा? उत्तर लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या आयुष्यात आहे.

चॅपमन यांचा जन्म १९२८ चा. शिक्षण लंडनमध्ये, विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग. १९४८ मध्ये त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून पहिली रेसिंग कार बनवली, तीही मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. १९५२ मध्ये लोटस कंपनी उभी राहिली. पुढे हेझलशीच त्यांचं लग्न झालं.

खिशात पैसे कमी, पण डोक्यात गणित पक्कं होतं. नुसतं इंजिन मोठं केलं तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन कमी केलं तर ती वळणावर आणि ब्रेक लावतानाही चांगली वागते.

१९६२ ची इलान याच हिशोबाने बनली. मधोमध स्टीलचा कणा, वर फायबरची बॉडी आणि वजन ७०० किलोच्या आत. जिथे वजन वाचत होतं, तिथे डिझाइन स्वतःचं. जिथे बाजारात चांगला पार्ट तयार होता, तिथे तोच उचलला. पुढचं चाक ज्या उभ्या भागावर बसतं तो भाग आणि स्टीअरिंग रॅक ट्रायम्फकडून आले. इंजिनचा ब्लॉक फोर्डचा.

छोट्या कंपनीने काढलेली ही वाट आज मालकांच्या कामी येते. हेराल्ड आणि तिच्या भावंडांचे पार्ट अजून बनतात.

पण आंधळेपणाने घेऊन चालत नाही. त्या उभ्या भागाच्या खाली ‘ट्रनियन’ नावाचा आटे असलेला सांधा असतो. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात. त्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल घालतात. हे टाळलं तर पाणी शिरतं, गंज चढतो आणि चालत्या गाडीचं चाक दुमडू शकतं.

मागची बाजू मात्र लोटसची स्वतःची. चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टमध्ये रबरी कपलिंग असतात. रबर जुनं झालं की चिरतं, आणि पार्टसाठी लोटसच्याच खास दुकानदारांकडे जावं लागतं.

हलकेपणाचा हा ध्यास रेसिंगमध्येही दिसला. चॅपमन यांच्या हयातीत लोटसने फॉर्म्युला वनची ७ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं जिंकली. पण गाड्या नाजूक असल्याची टीकाही झाली. १९६८ मध्ये जिम क्लार्क आणि १९७० मध्ये योखेन रिंट लोटस चालवतानाच गेले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी चॅपमन यांचं हृदयविकाराने निधन झालं. नंतर डेलोरियन कंपनीच्या पैशांच्या घोटाळ्यात त्यांचं नाव आलं आणि तो डाग कायम राहिला.

पण इलानच्या मालकाचा रोजचा प्रश्न साधा असतो. पुढून आवाज आला तर ट्रायम्फचा पार्ट बघायचा, मागून आला तर लोटसचा. चॅपमन यांनी कुठे उसनवारी केली आणि कुठे स्वतःचं डोकं लावलं, याचा नकाशाच जणू त्या गाडीखाली आहे.