डासांच्या मागे लागलेला डॉक्टर

मागच्या पावसाळ्यात माझ्या रूममेटला मलेरिया झाला. दोन रजया घालूनही त्याची थंडी जाईना. त्या दिवसांत लायब्ररीत रोनाल्ड रॉसबद्दल वाचलं आणि हा माणूस एकदम आपल्यातलाच वाटला.

रॉसचा जन्म १८५७ साली अल्मोड्याला झाला. त्याला लेखक व्हायचं होतं, पण लष्करात अधिकारी असलेल्या वडिलांनी मेडिकलला घातलं. (आपल्यापैकी कितीजणांची हीच स्टोरी!) १८८१ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू झाला. तिथेही कविता, कादंबऱ्या आणि गणित चालूच.

मलेरिया खराब हवेने होतो असा तेव्हा समज होता. १८९४ मध्ये लंडनला डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याला रक्तातले मलेरियाचे परजीवी दाखवले आणि आपला डासांवर संशय असल्याचं सांगितलं. झालं, रॉस पेटला!

पुढे सिकंदराबादेत त्याने शेकडो डास फाडून तपासले, पण हाती काही लागेना. कारण ते डास चुकीच्या जातीचे होते. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले. पंखा लावावा तर डास उडून जाणार! हुसेन खान नावाचा पेशंट एका डासामागे एक आणा घेऊन चावून घ्यायचा. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या ॲनोफेलिस मादीच्या पोटात मलेरियाचे काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना हे परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले. म्हणजे डास चावतो तेव्हाच रोग देतो! १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. श्रेयावरून इटलीच्या ग्रासींशी मात्र तो कायम भांडत राहिला. १९३२ मध्ये तो वारला.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं गणित. मलेरिया संपवायला प्रत्येक डास मारावा लागत नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरे, हे त्याने समीकरणं मांडून दाखवलं. मनाविरुद्ध घेतलेल्या डिग्रीत त्याने स्वतःची आवड अशी घुसवली.

तेव्हा मित्रांनो, डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. रूममधला कूलर आणि गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा रिकामे करा. रॉसचं गणित आपल्या होस्टेललाही लागू पडतं!