महमूद गवान : हत्यारांची पारख असलेला वजीर

१४७२ च्या फेब्रुवारीत गोवा बंदर विजयनगरच्या हातून गेले, ते बिदरच्या बहामनी सुलतानाकडे. सुमारे शतकभर विजयनगरच्या ताब्यात असलेले हे बंदर जिंकणारा सेनापती पेशाने शिपाई नव्हता आणि दख्खनी तर नव्हताच. ख्वाजा महमूद गवान हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला इराणी. जन्म १४११ च्या सुमाराचा. घराणे दरबारी, पण तिथल्या कारस्थानांपायी त्याने देश सोडला आणि व्यापार पत्करला. १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरात उतरला, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. बिदरला शाह मुहिबुल्ला या सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्ली गाठावी, असा त्याचा बेत होता. बिदरच्या सुलतानाने त्याला ठेवून घेतले. दिल्ली राहिली ती कायमचीच.

पुढच्या दोन-तीन वर्षांत नलगोंड्याचे बंड मोडून त्याने आपली योग्यता दाखवली. हुमायूनशहाने त्याला वजीर केले आणि ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. हुमायूननंतर गादीवर आलेली दोन्ही मुले अल्पवयीन होती. माळव्याच्या फौजा तर बिदर शहरात शिरल्या. त्या वेळी गवानने गुजरातच्या सुलतानाची मदत आणून राज्य सावरले.

त्या काळचे बिदरचे सैन्य कसे दिसे, याचे वर्णन निकितीन या रशियन व्यापाऱ्याने करून ठेवले आहे. एक घोडा विकायला म्हणून तो या मुलखात आला होता. चिलखत घातलेले हत्ती, सोंडेला आणि सुळ्यांना बांधलेली जड पाती, पाठीवर लाकडी बुरूज, आणि त्या बुरुजात बारा-बारा माणसे, बाणांबरोबर बारुदी नळ्याही बाळगणारी. कमरेला खोचून रोज वागवावे असे पिस्तूल तेव्हा जगात कुठेच नव्हते. हातातली बंदूक म्हणजे जड नळी, तिला पेटती वात लागे. प्रत्येक नळीचे तोंड निराळे, त्यामुळे एकीची गोळी दुसरीला बसेलच असे नाही. पावसात तर ती काठीइतकीच उपयोगाची. शिवाय असा लवाजमा मिरवणुकीत कितीही शोभला, तरी सह्याद्रीच्या घाटात त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. अलाउद्दीन सुलतानाच्या कारकिर्दीत हाच किताब मिरवणारा एक सेनापती मोठी फौज घेऊन कोकणात उतरला होता. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, रानात नेऊन सोडले आणि तिथे ती फौज कापली गेली. १४६९ मध्ये गवान त्याच मुलखावर निघाला. बरोबर घोडदळ भरपूर होते. इथेच या माणसाचे वेगळेपण दिसते. दाट जंगल आणि अरुंद वाटा पाहून त्याने राजधानीहून आणलेले घोडेस्वार माघारी धाडले आणि जुन्नर, दाभोळकडचे पायदळ बोलावले. बहामनी सरदाराच्या दृष्टीने घोडा म्हणजे प्रतिष्ठा. ती अशी परत पाठवणे दरबारात कोणाला रुचले असेल, असे वाटत नाही. त्यानंतर जंगल तोडून आणि जाळून त्याने वाट केली. पावसाळा लागला तेव्हा कोल्हापुरास छावणी करून तो थांबला. काही ठिकाणी तलवारीऐवजी सोने चालवले आणि किल्ले मिळवले. कोणते हत्यार कुठे निरुपयोगी ठरते, हे ज्याला वेळीच कळले, असा सेनापती या मुलखात विरळाच झाला असेल.

खेळणा आणि संगमेश्वर घेतल्यावर गोव्यावर तो जमिनीवरून आणि समुद्रावरून एकाच वेळी आला. गोव्याचे मोल व्यापारी असलेल्या गवानला नीट ठाऊक होते. अरबस्तानातले घोडे याच बंदरातून विजयनगरला पोचत. बंदर हाती आले की शत्रूचे घोडदळ मुळातच सुकणार होते. आपले घोडे परत पाठवून त्याने शत्रूचे घोडे तोडले.

बंदर परत घेण्यासाठी विजयनगरच्या सांगण्यावरून बेळगावचा राजा हलला, तेव्हा सुलतान महम्मदशहा स्वतः गवानसह बेळगावावर चालून गेला. किल्ल्याला पाण्याने भरलेला खोल खंदक होता. दिवसा वेढेकऱ्यांनी तो भरावा आणि रात्री आतल्यांनी तो उपसावा, असे काही दिवस चालले. अखेर तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासली गेली आणि तट उडाला. फरिश्ता या इतिहासकाराच्या मते सुरुंगाचा असा प्रयोग दख्खनने तोवर पाहिला नव्हता.

हीच नजर त्याने राज्यकारभारातही वापरली. राज्याचे चार सुभे, त्यांना तरफ म्हणत, मोडून त्याने आठ केले. गुलबर्ग्याच्या तरफेतून विजापूर वेगळे काढले. गुलबर्गा दस्तूर दिनार या हबशी सरदाराकडे गेले, विजापूर त्याने स्वतःकडे ठेवले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला, बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाने नेमायचे, हा त्याचा सर्वात कडक नियम. शिपायांची संख्या ठरल्याप्रमाणे न ठेवणाऱ्याचे पैसे कापले जात. सरदारांच्या हातातले बळ असे मोजून-मापून काढून घेतल्यावर शत्रू निर्माण झाले नसते तरच नवल.

त्या शत्रूंना तलवार उपसावी लागली नाही. गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाला दारू पाजून त्यांनी एका कोऱ्या कागदावर तो उमटवून घेतला आणि वर ओरिसाच्या गजपतीला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. नशेत असलेल्या सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरीतल्या या वजिराचा शिरच्छेद झाला. वजिराची संपत्ती मोजायला निघालेल्यांना खजिन्यात थोडेसेच नाणे सापडले. तो स्वतःच्या व्यापाराच्या नफ्यावर जगत होता, चटईवर निजत होता आणि मातीच्या भांड्यांत जेवत होता.

सुलतान पश्चात्तापात वर्षभराच्या आत गेला. पुढे राज्याचे तुकडे झाले आणि विजापूर व गोवा हा भाग गवानच्याच आश्रयाने वाढलेल्या यूसुफ आदिलखानाकडे गेला. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, ते या आदिलशाहीच्या गोव्यात.

गवानची कबर बिदरजवळ गोरनळ्ळीच्या बाजूला आहे. शहरात त्याने १४७२ मध्ये पूर्ण केलेला मदरसा आहे. तीन मजली, निळ्या-हिरव्या इराणी फरशांनी मढवलेला, तीन हजार ग्रंथांचे ग्रंथालय असलेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगल अमदानीत या वास्तूत बंदुकीची दारू साठवली जात होती. तिचा स्फोट होऊन दर्शनी भाग आणि एक मिनार कोसळला. दुसरा मिनार अजून उभा आहे.