एका चुलीवरची शाळा

महाराष्ट्रात शाळा काढणारे अनेक झाले. सर्व जातींच्या मुलांना वर्गात शेजारी बसता यावे म्हणून झगडणारेही झाले. पण शाळा सुटल्यानंतर ही मुले राहतात कोठे, कोणाच्या हातचे जेवतात आणि कोणत्या घागरीतले पाणी पितात, या प्रश्नाला सारे आयुष्य वाहणारे थोडेच. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्यांतील अग्रगण्य नाव. रयत शिक्षण संस्थेचा आजचा विस्तार पाहताना शाळा-महाविद्यालयांची संख्या डोळ्यांत भरते. मात्र या वटवृक्षाचे मूळ एका साध्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आहे, याचा अनेकदा विसर पडतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण गावोगाव फिरण्यात गेले. अभ्यासापेक्षा कुस्ती आणि हुंदडणे अधिक प्रिय असलेल्या या मुलाला अन्यायाची चीड मात्र लहानपणापासून होती. इस्लामपुरात अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे पाहून त्याने विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या काळात कोल्हापुरात विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परतल्यावर वसतिगृहाच्या नियमानुसार त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. माणसांच्या सहवासाने विटाळ होतो, हेच त्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्नानास नकार दिला आणि वसतिगृह सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यानंतर शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या तरुणाचे खरे शिक्षण महाराजांच्या सहवासातच झाले, असे म्हणता येईल.

१९१४ मध्ये कोल्हापुरातील एका ब्रिटिश राजपुतळ्याला डांबर फासण्यात आले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या जैन वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच्या उभारणीशी लठ्ठे निगडित होते. तरीही भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु ते बचावले. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेणारे पाटील मास्तर, ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांचे नांगर यांचे फिरते विक्रेते, कूपर कारखान्याच्या उभारणीतील सहकारी अशा अनेक भूमिका त्यांनी पार पाडल्या. विक्रीच्या निमित्ताने गावोगाव भटकताना शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. सत्यशोधक समाजाच्या प्रचारानेही त्यांना याच वाटेवर आणले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणे व त्यांतील गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण देणे ही उद्दिष्टे त्यात होतीच. त्याबरोबरच निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये परस्परांविषयी प्रेम निर्माण करणे हेही एक उद्दिष्ट होते. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्रित वसतिगृह सुरू झाले.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. माध्यमिक शाळा मोठ्या गावांत आणि शहरांत होत्या. खेड्यातील मुलाला चौथीनंतर शिकायचे तर घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. शहरात त्याला खोली मिळणार की नाही, खानावळीत पान वाढले जाणार की नाही, हे त्याच्या जातीवर ठरे. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडा असला तरी पोटाचा आणि निवाऱ्याचा दरवाजा बंद होता. शाहू महाराजांनी ही अडचण ओळखली होती. कोल्हापुरातील आरंभीच्या सामाईक वसतिगृहाचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीयांनाच झाल्याचे पाहून त्यांनी त्या त्या समाजाच्या पुढाकाराने स्वतंत्र वसतिगृहे उभारण्याचा मार्ग पत्करला. आपली मुले निर्धास्तपणे पाठवण्याचा विश्वास त्यामुळे अनेक समाजांना मिळाला. भाऊराव त्याच परंपरेत वाढले. परंतु त्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा भेदांना थारा नव्हता. चूल एक आणि पंगतही एक.

हे घडवून आणणे सोपे नव्हते. अन्य जातीच्या मुलाने शिजवलेले अन्न आपल्या मुलाने खावे, ही कल्पनाच अनेक पालकांना पेलवणारी नव्हती. भाऊरावांनी त्यावर व्याख्यानांचा उपाय केला नाही. कामाची वाटणी केली. पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातील मेहनत ही सारी कामे मुले पाळीपाळीने करीत. आज ज्याच्या हातची भाकरी खायची, उद्या त्यालाच आपल्या हातची वाढायची, अशी ही रीत होती. जातिभेदाविरुद्धचा धडा पुस्तकात देण्याची गरजच उरली नाही. धान्य गावोगावहून गोळा होई; घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याच्या प्रथेचा संस्थेला मोठा आधार लाभला.

या पंगतीचा खरा भार उचलला तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. सुखवस्तू आणि सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. सर्व जातींच्या मुलांसाठी आईच्या मायेने स्वयंपाक करणे हा त्यांच्या दृष्टीने संस्कारांशी झगडाच होता. तो त्यांनी जिंकला. वसतिगृहासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. भाऊराव परगावी असताना धान्य संपले, तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या कार्याचा गौरव करताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले कष्ट आणि त्याग यांची नोंद तळटीपेपुरती राहू नये.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माणुसकीच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. एकाच महाराष्ट्रात एकीकडे सार्वजनिक पाण्यासाठी लढा द्यावा लागत होता. दुसरीकडे काही मुले एकाच घागरीतले पाणी पीत अभ्यास करीत होती. १९३२ च्या पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. स्पृश्य-अस्पृश्यांचे ऐक्य केवळ करारात राहू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

१९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या बळावर पाचशेहून अधिक खेड्यांत प्राथमिक शाळा सुरू झाल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. श्रम करून शिकण्याची पद्धत महाविद्यालयातही कायम राहिली. इमारतींचे दगड फोडण्यापासून शेती पिकवण्यापर्यंतची कामे विद्यार्थी करीत. कमवा आणि शिका या नावाने हीच कल्पना पुढे राज्यातील विद्यापीठांनी स्वीकारली. त्यामुळे गरीब विद्यार्थ्याला शिक्षण हे कोणाचे उपकार वाटले नाही. तसेच, अंगमेहनत हलक्या जातींनी करायची आणि विद्या उच्च जातींनी मिळवायची, ही शतकांची विभागणीही मोडली.

१९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. अशा वेळी सामान्य जनता संस्थेच्या पाठीशी उभी राहिली. काही काळाने अनुदान पूर्ववत झाले. गांधीजींच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडून भाऊराव पुन्हा गावोगाव हिंडू लागले. १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

आज रयत शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या सातशेच्या पुढे गेली आहे. प्रवेशाचे हक्क राज्यघटनेने दिले, शाळेतील हजेरीपटही भरले. मात्र भाऊरावांनी हाती घेतलेला पंगतीचा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात वसतिगृह आणि भोजनगृहातील दुराव्यावर बोट ठेवले होते. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत दलित महिलेने शिजवलेले माध्यान्ह भोजन सवर्ण मुलांनी नाकारल्याचे प्रकरण देशभर गाजले. ही मुले एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर बसत होती. वर्गातील समता जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचली नाही, तर ती अपुरीच राहते. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात हे ओळखले गेले होते, आणि त्यावरचा उपाय रोज दोन वेळा, प्रत्येक पंगतीत अमलात येत होता.